ऊसतोडीच्या हंगामात लेकरं सांभाळणाऱ्या आज्या : आमचं काय चुकलं ते लिहितोय

बालाघाटी | ३ सप्टेंबर, रात्री ९.४०

मंडळी, रामराम. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. आमच्याकडं मुकादमांच्या (ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या ठेकेदारांच्या) चकरा सुरू झाल्यात, बऱ्याच जणांनी उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलीय. दसरा झाला की ट्रक-ट्रॅक्टर लागतील आणि दिवाळीच्या आगेमागे अर्धं गाव रिकामं होईल. त्याआधी गेल्या दोन हंगामांत आम्ही पाच जणांनी जे उद्योग केले त्याचा हिशेब इथं मांडतो. शहाणपण शिकवायला नाही, उलट तुमच्याकडून ऐकायला.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार हा आमचा बीडचा डोंगरपट्टा. हलकी जमीन, पावसाचा भरवसा नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, दोघांनी मिळून उचल घ्यायची आणि पाच-सहा महिने सांगली, कोल्हापूर, सोलापूर नाहीतर कर्नाटकात जाऊन ती फेडायची. पाळण्यातलं लेकरू सोबत कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, जातं. शाळेतली लेकरं गावात आजीपाशी राहतात. आजी नसली तर चुलती, मावशी, आत्या. एकेका म्हातारीपाशी तीन-तीन लेकांची मिळून सहा-सात नातवंडं मी स्वतः पाहिलीत.

माझं तालुक्याला मेडिकल आहे. तीन वर्षांमागं एक आजी तापाच्या औषधाची रिकामी बाटली घेऊन आली, म्हणाली, ‘हीच दे बाबा.’ मी सहज विचारलं, किती देता? म्हणाली, ‘झाकण भरून, दोनदा.’ कुणाला? तर तीन वर्षांच्या नातीला. पॅरासिटामॉलच्या पातळ औषधात दोन ताकदी येतात, पाच मिलीत १२५ आणि पाच मिलीत २५०. बाटल्या दिसायला सारख्याच. तिच्या हातातली होती २५० ची, मोठ्या नातवासाठी कधीतरी आणलेली. झाकण दहा मिलीचं. माझ्या पोटात गोळाच आला. आजीची चूक काय? तिला वाचता येत नाही, मोतीबिंदू पिकलेला, आणि सांगणारी सून दोनशे मैलांवर उसाच्या फडात.

त्या दिवशी मी झाकणात पाच मिलीच्या खुणेवर बायकोच्या नखपॉलिशनं लाल रेघ मारून दिली आणि म्हणालो, हिच्यावर थेंब नको. सगळं त्यातून सुरू झालं. मी, एक निवृत्त बाई (जिल्हा परिषद शाळेतल्या), डी.एड. झालेल्या दोन मुली आणि एक टेम्पोवाला भाऊ. संस्था नाही, नोंदणी नाही, पावतीपुस्तक नाही.

पहिल्या वर्षी आम्ही जे सगळेच करतात ते केलं. वह्या, दप्तरं वाटली. लेकरांना रांगेत उभं करून फोटो काढले. (हो, काढले. त्याची आता लाज वाटते.) संध्याकाळी अभ्यासाचा वर्ग काढला. पहिल्या आठवड्यात चाळीस पोरं, तिसऱ्या आठवड्यात नऊ. आम्ही चिडलो. म्हाताऱ्यांना शिक्षणाचं महत्त्वच नाही, असं एकमेकांत बोललो. मग बाई एका घरी गेल्या तेव्हा कळलं की संध्याकाळी सहा ते आठ हीच वेळ पाण्याची, शेरडं बांधायची, भाकरीची. आजीचे गुडघे गेलेत. पाचवीतली नात हंडा आणते म्हणून चूल पेटते. आम्ही तिची ती नातच वर्गात नेऊन बसवत होतो.

दुसऱ्या वर्षी काहीही वाटप न करता आधी नुसतं बसलो, चहा प्यालो, विचारलं. उत्तरं ऐकून आम्हीच गार. एकीनं वही मागितली नाही. एक म्हणाली, फोन लावून दे. लेकाचा फोन रात्री येतो तेव्हा बॅटरी संपलेली असते, किंवा तिला उचलता येत नाही, आणि नातू रडत झोपतो. दुसरीला रेशनच्या मशीनवर ठसा उमटत नव्हता, बोटांच्या रेघाच झिजल्यात. तिसरीला डोळे दाखवायचे होते, पण दवाखान्यात अख्खा दिवस मोडला तर लेकरं कुणापाशी ठेवायची? चौथी म्हणाली ते बाईंनी वहीत लिहून ठेवलंय : ‘रातच्याला पोराला काई झालं तर मी कुनाचं दार वाजवू?’

आम्ही लेकरांना मदत करायला गेलो होतो. मदत लागत होती म्हातारीला. एवढी साधी गोष्ट कळायला एक हंगाम गेला.

आता तिसरा हंगाम. तुमच्याकडं कुणी असं काही करत असेल, किंवा तुम्ही स्वतः आजी-मावशीपाशी वाढला असाल, तर लिहा.


मुठेकाठचा_मराठवाडी | ३ सप्टेंबर, रात्री १०.१५

वाचून गलबललं. मूळ गाव परळी तालुका, आता पुण्यात. आमच्या ऑफिसातून दरवर्षी कपडे, खेळणी, वह्या जमवतो. कुठं पाठवू ते सांगा, गाडीभर होईल.


बालाघाटी | ३ सप्टेंबर, रात्री १०.३२

भाऊ, राग मानू नका, गाडीभर नको. मागच्या वर्षी आलेल्या खेळण्यांवरून दोन घरांत भांडणं झाली, लेकरांची नव्हे, मोठ्यांची. फारच वाटत असेल तर दोन गोष्टी. सुट्टीत गावी आलात की एका म्हाताऱ्या माणसाला मोतीबिंदूच्या ऑपरेशनला घेऊन जा. सरकारी दवाखान्यात ते फुकट होतं, अडतं ते सोबत जाण्यावर. दुसरं, चांगला आवाज येणारे बटनांचे साधे फोन, आठ-दहा. जुने चालतील, बॅटरी मात्र नवी घाला.


खडू_आणि_डस्टर | ४ सप्टेंबर, सकाळी ७.०५

मी याच पट्ट्यात जिल्हा परिषद शाळेवर आहे, म्हणून गाव सांगत नाही. धागा चांगला आहे, पण एक गोष्ट राहिली. हंगामी वसतिगृह.

नावावरून वाटतं पोरं तिथं राहतात. तसं नाही. शाळा व्यवस्थापन समितीमार्फत पोरांना सकाळ-संध्याकाळचं जेवण मिळतं, दुपारी शाळेतली खिचडी असतेच. झोपायला लेकरू आजीच्या घरी. म्हणजे पोटाचा प्रश्न सुटतो, रात्रीचा सुटत नाही. कागदावर योजना आईबापाच्या स्थलांतराची आहे, प्रत्यक्षात ती आजीच्या जिवावर चालते. आणि आजीसाठी तिच्यात एक रुपयाची तरतूद नाही.

दुसरी अडचण तारखांची. ट्रक दसऱ्यानंतर निघतो, आमच्याकडं एकदा मंजुरी आली तेव्हा दिवाळीची सुट्टी संपून गेली होती. मधल्या दिवसांत आईबाप काय करणार? पोरगं सोबत घेऊन जातात. एकदा ट्रकमध्ये बसलेलं पोरगं परत आणणं फार कठीण. तेव्हा बालाघाटी, तुम्हाला खरंच काही करायचं असेल तर मधले ते पंधरा-वीस दिवस सांभाळा. शाळेत संध्याकाळी पिठलं-भात शिजला तरी पुरे. आम्ही दोन शिक्षकांनी एक वर्ष पदरमोड करून केलं, सतरा पोरं राहिली.

जी जातातच त्यांच्या हातात शिक्षण हमी कार्ड द्यायला आम्हाला सांगितलेलं आहे, म्हणजे जिथं जातील तिथल्या शाळेत बसता येतं. कायद्यानंही कागद नाहीत म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. पण फडापासून शाळा चार किलोमीटर, आणि कोपीवर धाकट्याला सांभाळायला कुणीतरी लागतंच. ते कोण, हे सांगायला नको.

संध्याकाळच्या वर्गाबद्दल तुमच्याशी असहमत आहे. वर्ग बंद करू नका, वेळ बदला. आमच्याकडं सकाळी साडेसहाला बसतो, तेव्हा शेरडं सुटलेली नसतात.


उलटा_नांगर | ४ सप्टेंबर, दुपारी १२.५०

कडू बोलतो. आईबाप सहा महिने लेकरं टाकून जातात, त्याला तुम्ही हातभार लावायलात. सोय झाली की जाणारे वाढतात. मुकादम आणि कारखानदार खुश, त्यांच्या मजुराची लेकरं तुम्ही फुकटात सांभाळता. हे काम सरकारचं आहे. संत भगवानबाबांच्या नावानं २०२१ मध्ये ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं मंजूर झाली, टनामागं कारखान्यांकडून ऊसतोड कामगारांच्या महामंडळाला पैसे घ्यायचं ठरलं. ते मागा ना. स्वयंसेवक म्हणजे फाटक्या छताखाली बादली ठेवणं.


अर्धा_कोयता | ४ सप्टेंबर, रात्री ११.२०

उलटा नांगर साहेब, ‘टाकून जातात’ हा शब्द मागं घ्या.

मी अशाच घरातला. पहिली ते सातवी आजीपाशी, नंतर दोन वर्षं कोपीवर, मग आश्रमशाळा, मग आयटीआय. आज चाकणला कामाला आहे. माझी माय जायच्या दिवशी पहाटे तीनला उठून आठ दिवस पुरतील एवढ्या बाजरीच्या भाकरी करून वाळवून ठेवायची. ट्रक गावाबाहेर उभा करायला लावायची, आमच्या दारात येऊ द्यायची नाही, कारण मग आम्ही चाकामागं पळायचो. टाकून जाणारी बाई असं करते का?

उचल घेतली की जावंच लागतं. बापाचा पाय मोडला त्या वर्षी माय एकटी गेली, अर्धा कोयता म्हणून. तिथूनच हे नाव घेतलंय.

आता आजीबद्दल. आजीनं आम्हाला चार भावंडांना मारलं बी लई. तिचा राग आमच्यावर नव्हता हे आता कळतं. साठी उलटलेली बाई, रात्रभर जागी राहायची. आमच्या घराला दार नव्हतं, ताटी होती. बहीण मोठी झाली तशी आजी तिच्या पायाला आपल्या लुगड्याचा पदर बांधून झोपायची. त्या बाईला अख्ख्या गावात एका माणसानं ‘आक्का, तुमी जेवल्या का’ असं विचारलं नाही. सगळे विचारायचे, पोरं नीट आहेत का.

गावात एक रिटायर पोस्टमन होते. ते दर शुक्रवारी यायचे, आमच्या ओसरीवर बसायचे, तंबाखू मळायचे आणि आजी सांगेल तसं बापाला पोस्टकार्ड लिहायचे. अभ्यास घेतला नाही, खाऊ आणला नाही. पण शुक्रवारी आजी आम्हाला मारायची नाही. का ते मला सांगता येणार नाही.

आणि सरकारकडं मागायचं म्हणता, मागा की. मी बी मागतो, मोर्च्याला जातो. पण ते येईपर्यंत पोराला ताप आला तर बादली नको म्हणू का?


उलटा_नांगर | ५ सप्टेंबर, सकाळी ८.१०

शब्द मागं घेतला. बाकी म्हणणं कायम.


तेरणेची_लेक | ५ सप्टेंबर, दुपारी ३.३०

धागा ऊसतोडीचा आहे, मी थोडं वेगळं लिहिते. चालेल ना?

माझं गाव किल्लारीच्या शेजारचं. ३० सप्टेंबर १९९३. गणपती बुडवून लोक दमून झोपले होते, पहाटे ३.५६ ला जमीन हलली. आमच्याकडची घरं दगड-मातीची, दीड-दोन हात रुंद भिंती, वर मातीचं धाबं. सगळं अंगावर आलं. मी सहा वर्षांची. मी आणि पाठचा भाऊ वाचलो. मावशीनं औशाकडं नेलं, तिची स्वतःची तीन लेकरं होती.

पहिले सहा महिने इतकी माणसं आली की मावशीला स्वैपाक सुधरत नव्हता. कपड्यांचे ढीग. कुणाकुणाचे कोट, पार्टीचे झगे. मावशीनं त्याची गोधडी शिवली, ती अजून आहे माझ्याकडं. संघटना आल्या, त्यांनी मुलांना पुण्याला शिकायला नेलं. भारतीय जैन संघटनेनं नेलेली मुलं बाराशेच्या आसपास होती, त्यातली काही आज मोठ्या पदांवर आहेत. मावशीलाही विचारलं. ती नाही म्हणाली. काकानं तिला नावं ठेवली, लेकरांचं भलं होऊ देत नाही म्हणून. वर्षभरानंतर मात्र कुणीच फिरकलं नाही. मला बाप आठवून झोप लागायची नाही ती तेव्हा, तिसरी-चौथीत. म्हणजे गर्दी होती तेव्हा दुःख कळत नव्हतं, दुःख कळलं तेव्हा गर्दी पांगलेली.

आणखी एक, जे कुणी बोलत नाही. आमच्या नावानं मदतीचे पैसे आले आणि नातेवाइकांत फूट पडली. काका म्हणे मी पालक, मावशी म्हणे लेकरं माझ्यापाशी. दोन वर्षं बोलणं बंद. बँकेतल्या एका साहेबांनी मावशीला शेजारी बसवून खातं समजावून सांगितलं, पासबुक कुलपात ठेवायला सांगितलं आणि काकालाही बोलावून तेच आकडे दाखवले. दोघांसमोर एकच आकडा ठेवला, एवढंच केलं त्यांनी. भांडण पूर्ण मिटलं नाही, पण लग्नाला काका आला.

म्हणून स्वयंसेवकांना विनंती, पहिल्या हंगामात धावू नका. तिसऱ्या-चौथ्या वर्षी या.


दुधनाकाठ | ५ सप्टेंबर, संध्याकाळी ६.४५

तेरणेची लेक, डोळे भरून आले ताई.

माझा प्रश्न. जालना जिल्हा. माझा मोठा भाऊ चार वर्षांमागं गेला, शेतीच्या कर्जापायी. वहिनीनं दुसरं लग्न केलं, तिचं काही चुकलं असं मी म्हणत नाही, वय सव्वीस होतं. दोन पुतणे माझ्या आईपाशी आणि माझ्यापाशी आहेत. कुणी सांगितलं की अशा मुलांना महिन्याला पैसे मिळतात. तालुक्याला गेलो तर म्हणाले आईचं आधार आणा, आई जिवंत आहे. वहिनीच्या सासरी आता आम्ही जाऊन आधार मागायचं म्हणजे तिच्या संसारात विष कालवायचं. काय करावं?


काळा_कोट | ५ सप्टेंबर, रात्री ९.५५

दुधनाकाठ, सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न माझ्याकडं महिन्यातून चारदा येतो.

तुम्ही म्हणता ती क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. एक पालक गेलेला असला तरी मूल तिच्यात बसतं, दोन्ही गेलेच पाहिजेत असं नाही. आधी महिन्याला ११०० होते, २०२३ पासून २२५० झाले, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत. निर्णय तालुक्याचा बाबू घेत नाही, जिल्ह्याची बाल कल्याण समिती घेते. म्हणून अर्ज थेट जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात द्या आणि पोच घ्या. भावाचा मृत्यूचा दाखला, मुलांचं आणि आजीचं आधार, शाळेचा बोनाफाईड, तहसीलचा उत्पन्न दाखला, रेशनकार्ड, पासबुक, आणि घरासमोर आजी व मुलांचा एकत्र फोटो. मग घरी चौकशीला माणूस येतो.

वहिनीचं आधार : समितीसमोर आजीनं उभं राहून खरं सांगायचं. आईनं दुसरं लग्न केलंय, मुलं दोन-तीन वर्षांपासून आमच्यापाशी आहेत. शाळेचा दाखला आणि सरपंच, पोलीस पाटलाचं पत्र जोडा. समिती गरज वाटली तर आईला स्वतः बोलावते, ते तुमच्या जाण्यापेक्षा बरं. खोटं मात्र लिहू नका. ‘आई बेपत्ता’ असं लिहून दिलेली प्रकरणं मी पाहिलीत, पुढं आई हजर झाली की आजीच अडचणीत येते.

दुसरं, जे तुम्ही विचारलं नाही. भावाच्या नावावर जमीन होती का? वारसाला मुलांची नावं लागली असतील तर सातबाऱ्यावर नावापुढं ‘अ.पा.क.’ (अज्ञान पालनकर्ता; अज्ञान म्हणजे १८ च्या आतलं मूल) आणि पालक म्हणून कुणाचं तरी नाव असेल. कुणाचं आहे ते आजच बघा. आजी किंवा काका मुलं सांभाळतात म्हणून त्यांना अज्ञानाची जमीन विकता येत नाही, त्याला पालक म्हणून जिल्हा न्यायालयाची नेमणूक आणि विक्रीला वेगळी परवानगी लागते. हे मी तुमच्यावर शंका घेऊन लिहीत नाही. गावात कुणी तुमच्यावर घेतली तर तुमच्यापाशी उत्तर असावं म्हणून.

आणि भावाचं प्रकरण शेतकरी आत्महत्येच्या सरकारी मदतीस पात्र ठरलं होतं का? ठरलं असेल तर एक लाखातले ३० हजार रोख आणि ७० हजार ठेवीत गेलेले असतात. ती ठेव कुणाच्या नावावर आहे?

तुमची आई ६५ च्या पुढं असेल आणि उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत असेल तर श्रावणबाळ या म्हाताऱ्यांच्या सरकारी पेन्शनचे महिना १५०० वेगळे. पुतण्यांचे पैसे चालू झाले म्हणून आजीचे सोडू नका. दोन्हींत दरवर्षी काही ना काही कागद द्यावा लागतो, तो चुकला की पैसे गुपचूप बंद होतात. बहुतेक आज्यांना ते सहा महिन्यांनी कळतं.


दुधनाकाठ | ५ सप्टेंबर, रात्री १०.२०

ठेवीचं माहीतच नव्हतं साहेब. वहिनीच्या नावावर असणार. सातबारा उद्या काढतो.


काळा_कोट | ५ सप्टेंबर, रात्री १०.३१

वहिनीच्या नावावर असली तरी भांडू नका, आधी अर्ज. आणि बालाघाटी, तुमच्या पाच जणांत एक माणूस फक्त कागदांचा ठेवा. प्रत्येक घराची एक प्लास्टिकची पिशवी, तिच्यात सगळ्या झेरॉक्स. मूळ कागद तुम्ही कधीच स्वतःपाशी ठेवायचे नाहीत. एकदाही नाही. चांगल्या चांगल्या माणसांवर यातून बालंट आलंय. ऊसतोडीवाल्या घरांना मात्र बालसंगोपनची आशा लावू नका. आईबाप दोन्ही धडधाकट असतील तर नुसत्या स्थलांतरावर ते बसत नाही.


अंगणवाडीची_ताई | ६ सप्टेंबर, दुपारी २.१५

सगळं वाचलं. पुरुषमंडळी लई छान लिहितात, पण पोरींचं कुणी लिहिलं नाही, अर्धा कोयता दादा सोडून.

आजीला नातीचं ओझं नसतं, धास्ती असते. आईबाप नाहीत, घराला कडी नाही, पोरगी तेरा-चौदाची. काही झालं तर लेक-सून आजीला बोल लावणार. मग आजीच स्थळ बघते. उगाच नाही २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत आमच्या बीडमध्ये वीस ते चोवीस वयातल्या शंभरात त्रेचाळीस बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. आम्ही जाऊन ‘कायदा आहे, गुन्हा आहे’ म्हणतो. आजी म्हणते, ‘मग तू ठिऊन घे तुझ्या घरी.’ काय बोलणार?

मागच्या वर्षी आम्ही चौघी बचत गटाच्या बायकांनी एकच केलं. चार आज्यांच्या मोठ्या नाती रात्री एका घरात झोपायच्या, मजबूत कडी असलेल्या. त्या घरची आजी आणि आमच्यातली एक बाई पाळीनं. पोरी तिथंच अभ्यास करायच्या, खिदळायच्या. चारही आज्या झोपायला लागल्या. चारपैकी तिघींची दहावी झाली. चौथीचं लग्न संक्रांतीनंतर ठरत होतं, १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन केला, ग्रामसेवकालाही कळवलं, कारण गावात बालविवाह रोखायची जबाबदारी त्याचीच. थांबलं. आजी अजून माझ्याशी बोलत नाही.

बालाघाटी दादा, तुमच्या टेम्पोवाल्या भावाबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण नियम करा. घरात एकट्यानं जायचं नाही, जोडीत एक बाई पाहिजेच. आजी घरी नसेल तर ओट्यावरूनच परत. पोरींचे फोटो नाहीत, पोरींचे फोन नंबर पुरुषांच्या मोबाईलमध्ये नाहीत. चांगल्या माणसाला हे नियम टोचत नाहीत, आणि ज्याला टोचतात तो आम्हाला नकोच.


बालाघाटी | ६ सप्टेंबर, रात्री ९.००

ताई, नियम आजपासून लागू. टेम्पोवाल्या भावाला वाचून दाखवलं, तो म्हणाला, माझ्या बी दोन पोरी हायेत, ताई बरोबर म्हणतीया.

अर्धा कोयता, तुमचे पोस्टमन काका दोन दिवस डोक्यातून जात नाहीत. बाईंनी ठरवलंय, दर शुक्रवारी त्या सहा घरं घेणार. काम काही नाही, नुसतं बसणार. मी विचारलं, वहीत काय लिहिणार? म्हणाल्या, वहीच नेणार नाही.

सर, मधल्या पंधरा दिवसांच्या जेवणाचं तुमच्याशी फोनवर बोलतो. तांदूळ जमतील, शिजवायला दोन आज्या तयार आहेत, पण त्यांना मजुरी द्यायची, फुकट नाही, असं आमचं ठरलंय. वर्ग सकाळी साडेसहाला.

उलटा नांगर, तुम्ही म्हणता ते पैसे मागायचं निवेदन तुम्हीच लिहा, आम्ही सह्या आणि अंगठे गोळा करतो. मुठेकाठच्या भाऊंचे फोन कालच कुरिअरनं आले, अकरा आहेत, एकाची बॅटरी फुगलेली.

रात्रीच्या दाराचा प्रश्न अजून सुटलेला नाही. आठ गावं आहेत, टेम्पो एक. प्रत्येक गावात रात्री उठेल असं एक घर शोधतोय, पाच सापडली. धारूर घाटाच्या वरच्या अंगाला कुणी ओळखीचं असेल तर निरोप टाका.

रविवारी सकाळी अकराला आमच्या दुकानामागच्या शेडमध्ये डोळे तपासणी आहे, सत्तावीस आज्या आणि चार आजोबांची नावं आलीत. लेकरं सांभाळायला दोन्ही डी.एड.वाल्या मुली. औषधाच्या झाकणांवर रेघा मारायचं कामही तिथंच उरकतो. लाल नखपॉलिशच्या चार बाटल्या आणल्यात.


अंगणवाडीची_ताई | ६ सप्टेंबर, रात्री ९.२५

दादा, लाल परत करा. तापाचं औषधच लालसर असतं, झाकण भरलं की लाल रेघ दिसतच नाही. मागच्या वर्षी दोन आज्यांनी मला विचारलं, रेघ कुठं गेली म्हणून. हिरवी आणा. आणि रेघ बाहेरून मारा, आतली धुण्यात निघून जाते.